पावणेअकरा वर्षं

22 एप्रिल 2015ला नवी मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा माझी लेक आठ वर्षांची होती. नेरुळच्या मतदान केंद्रावर माझं बोट धरून आली आणि शाई मलाही लावा म्हणून हटून बसली. 15 जानेवारी 2026ला रांगेत ती माझ्यापुढे उभी होती, हातात स्वतःचं ओळखपत्र. मधल्या पावणेअकरा वर्षांत तिची शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, उंचीत ती माझ्यापुढे दोन बोटं गेली. तिच्या शहराची निवडणूक मात्र झाली नाही.

महापालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक व्हायला हवी, असं राज्यघटना सांगते. आमच्या सभागृहाची मुदत मे 2020मध्ये संपली. आधी कोरोना आला, मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात गेला, मग प्रभागरचनेचा घोळ. शेवटी 6 मे 2025ला सर्वोच्च न्यायालयाने खडसावलं, तेव्हा चाकं हलली. 2015ला जी मुलं सतराची होती, त्यांनी आपल्या नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं ते अठ्ठाविसाव्या वर्षी. कुणाची लग्नं झाली होती, कुणाच्या कडेवर पोर होतं. ही निवडणूक मला ऐतिहासिक वाटते ती एवढ्यासाठी; कोण जिंकलं, कोण हरलं हा भाग माझ्या लेखी त्यानंतरचा.

घरी येताना लेकीने विचारलं, "आई, इतकी वर्षं कुणी नव्हतं, तर आपलं अडलं काय होतं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. खरंच काय अडलं होतं? नळाला पाणी येत होतं. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं, त्यामुळे इथल्या आयांना हंडे भरून ठेवायची सवयच राहिली नाही. कचऱ्याची गाडी रोज सकाळी यायची. स्वच्छ सर्वेक्षणात शहराचं नाव देशात वरच्या रांगेत झळकत होतं. प्रशासक म्हणून आलेले अधिकारी कामाचे होते, हे मी मनापासून मानते. पण शहराचा अर्थसंकल्प त्यांनीच मांडायचा आणि त्यांनीच मंजूर करायचा, अशी ती वर्षं गेली. उलट प्रश्न विचारणारं तिथे कुणी नव्हतं, आणि आम्हीही विचारला नाही. घरात पाणी येतंय ना, मग झालं, या समाधानात मी माझ्या मुलीला वाढवलं, याची मला आज खंत आहे.

तिला द्यायचं उत्तर मला सुचलं ते रात्री. महापालिकेचा पहिला विकास आराखडा 2018 ते 2038 या वीस वर्षांसाठीचा. कुठे शाळा, कुठे मैदान, कुठे दवाखाना आणि कुठे टॉवर, हे सगळं त्या नकाशात. 2022मध्ये तो हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे आला, तेव्हा सभागृहात निवडून आलेला एकही माणूस नव्हता. लोकांनी हजारोंनी हरकती घेतल्या, पण त्या घेऊन सभागृहात भांडणारं आपलं कुणी नव्हतं. 2038ला लेक एकतीस वर्षांची असेल. तिचं मूल ज्या मैदानावर खेळेल किंवा खेळणार नाही, त्याचा हा नकाशा. मी तिला म्हटलं, अडलं होतं ते हे.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी आहे, इथल्याच गावठाणातली. तिची काळजी वेगळी. 1970मध्ये सिडको आली आणि 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. तिच्या सासऱ्याची भातशेती आणि मिठागर त्यातच गेलं. पुढे कुटुंब वाढलं, तशी गावठाणालगत खोल्यांवर खोल्या चढल्या. गरजेपोटीची घरं, हा शब्द इथल्या पोरांनाही पाठ आहे. आम्ही बँकेचं कर्ज काढून या शहरात आलो, हप्ते फिटले की घर आमचं. तिच्या मुलाचं घर मात्र गावच्याच मातीवर उभं राहूनही कागदावर धड त्याचं नाही. घर नावावर व्हावं आणि नातवाला नवी मुंबईच्या विमानतळावर कायमची नोकरी लागावी, एवढंच तिचं मागणं.

मतमोजणी 16 जानेवारीला झाली. याच तारखेला आणि दुसऱ्या दिवशी, 1984मध्ये, उरण तालुक्यात जासई आणि नवघरला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचे जीव गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, ती या रक्तातून. गुलाल उधळला जात होता तेव्हा मावशी आमच्या दारात हलव्याचे तुकडे करत होती. सुरी थांबवून तिने मला ती तारीख सांगितली. माझ्या लेकीच्या शाळेत हा धडा कधी नव्हता. कोळी-आगऱ्यांच्या मुलांना जे घरात ऐकून माहीत असतं, ते सेक्टरमधल्या मुलांना कुणी सांगायचं?

एक गोष्ट मला अजून पटलेली नाही. पूर्वी एका प्रभागाचा एक नगरसेवक असायचा, या वेळी पॅनेल आलं. 28 प्रभाग, 111 नगरसेवक; एक प्रभाग सोडला तर प्रत्येकाला चार. मतदान यंत्रावर चार बटणं दाबून लेक बाहेर आली आणि पहिलं काय म्हणाली, तर "यातला आपला कोण?" चौघं आपले म्हणजे नक्की कोण आपलं, हे मलाही सांगता येईना.

जूनमध्ये स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावरचे तीन दिवे बंद पडले. क्लासवरून यायला तिला रात्रीचे नऊ वाजतात. तिने चौघांचे नंबर मिळवले. एकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. तिने फोन ठेवला नाही. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखले आणि कुणी कधी काय सांगितलं ते तारखेसकट लिहीत गेली. अकराव्या दिवशी दोन दिवे लागले.

तिसऱ्यासाठी तिने अर्ज लिहिला आहे. खाली सही तिचीच. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलं.