शंकर नाग कुणाचे?

रजनीकांत पडद्यावर आला की आपल्याकडे कुणीतरी शेजारच्याला ढोसून सांगतोच, "गायकवाड आहे तो. आपला माणूस." शिवाजीराव गायकवाड हे नाव खरं, घरातली मराठीही खरी. पण जन्म बंगळुरूचा, नोकरी तिथल्या बसमध्ये कंडक्टरची, रंगमंचावरची उमेदवारी कन्नड पौराणिक नाटकांतली आणि नाव झालं ते तमिळमध्ये. या सगळ्यात महाराष्ट्राने काय केलं? आडनाव पुरवलं. तेवढ्यावर आपण खूश.

उलट ज्यांच्या घडणीत इथल्या नाटकवाल्यांचा खरोखर हात होता, त्या कन्नड नटांबद्दल विचारलं तर आपण गप्प. शंकर नाग हे त्यातलं पहिलं नाव. १९८०च्या 'ऑटो राजा'नंतर कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी या माणसाला जे आपलंसं केलं, ते तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी सुटलेलं नाही. बंगळुरूत रिक्षाच्या मागे त्याचं चित्र दिसतं, रिक्षा स्टँडला त्याचं नाव असतं. इकडे आमच्या लोणखेड्यात किंवा शेजारी शहाद्यात हे नाव घेतलं, तर समोरचा विचारतो, "कोण?" मग 'मालगुडी डेज' म्हणायचं. पन्नाशी ओलांडलेल्यांचा चेहरा लगेच उजळतो. स्वामी आठवतो, त्याचे कडक वडील झालेले गिरीश कार्नाड आठवतात, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आठवतात. ही मालिका ज्याने आगुंब्याच्या पावसात उभी केली, त्या दिग्दर्शकाचं नाव मात्र कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४चा, होन्नावरकडचा. थोरले बंधू अनंत नाग सहा वर्षांनी मोठे. मूळ आडनाव नागरकट्टे, घर चित्रापूर सारस्वतांचं, घरातली भाषा कोकणी. होन्नावर, भटकळ, शिरसी हा सगळा उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. आमचा शहादा तालुकाही त्याच राज्यात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो जिल्हा म्हैसूरकडे गेला, आम्ही पुढे १९६०ला महाराष्ट्रात आलो आणि पलीकडची सोनगड-निझरकडची गावं गुजरातेत गेली. नकाशावर रेघा ओढल्या गेल्या, पण माणसांचं जाणं-येणं काही त्या दिवशी थांबलं नाही. किनाऱ्यावरच्या सारस्वतांची मुंबईत आधीच वस्ती होती; ताडदेवची तालमकीवाडी त्यांचीच. त्यामुळे अनंत नाग किशोरवयात मुंबईला गेले, मागून शंकरही गेले, यात घरच्यांना वावगं काही वाटलं नसणार.

अनंत नाग यांची मुंबईतली सुरुवात कोकणी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांतल्या नाटकांची. त्यांच्या चरित्रातला हा तपशील सगळेच एका ओळीत उरकतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नट म्हणून हा मुलगा पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या आजूबाजूला आईच्या बोलीत बोलणारी माणसं होती. समोर बसलेल्या आजी-काकूंना त्याचा प्रत्येक शब्द, प्रत्येक हेल कळत होता. तिथे खोटं बोलून निभत नाही. घरच्या बोलीत जो ताठर होत नाही, त्याला पुढे दुसऱ्या भाषेतही ताठर व्हायचं कारण उरत नाही. मग सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांची सोबत आली आणि १९७३च्या 'संकल्प'ने कन्नड चित्रपट मिळाला. पाठोपाठ १९७४ला श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला, त्यात तर दख्खनी हिंदी. चार-पाच वर्षांत चार-पाच भाषा, आणि एकाही ठिकाणी परका वाटला नाही.

त्या काळातलं मुंबईचं प्रायोगिक नाटक हाच एक अजब मामला होता. दुबे बिलासपूरचे, हिंदी माणूस. ते कार्नाडांचं कन्नड 'ययाती' हिंदीत करत होते. कार्नाडांचं 'तुघलक' मराठीत आणलं विजय तेंडुलकरांनी, 'हयवदन' आणलं चिं. त्र्यं. खानोलकरांनी. १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेत जे सुरू झालं, त्यात कोण कुठल्या भाषेचा हे विचारायची पद्धत नव्हती. शंकर नाग या हवेत वाढले. मराठी नाटकांत रमले, तालमींच्या निमित्ताने अरुंधती राव भेटल्या. या बाई मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही रंगमंचांवर काम करणाऱ्या. पुढे त्याच अरुंधती नाग झाल्या. चापेकर बंधूंवरच्या '२२ जून १८९७' या १९७९च्या मराठी चित्रपटाचं दिग्दर्शन नचिकेत आणि जयू पटवर्धनांचं, हे आपल्याला ठाऊक असतं. पटकथालेखकांत शंकर नाग हे नाव आहे, हे किती जणांनी वाचलं असेल?

उपकाराची भाषा मात्र इथे करू नये, कारण हिशेब फार जुना आहे. १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी नाटक सुरू झालं असं आपण शाळेत शिकतो. त्याआधी कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली होती, ते पाहूनच सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, हे सांगताना शिक्षक जरा घाई करतात. ती मंडळी उत्तर कानड्याची, म्हणजे नाग बंधूंच्याच मुलखातली. आपल्या संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्करही धारवाडजवळच्या गुर्लहोसूरचे. मग त्याच किर्लोस्करी थाटाच्या मराठी कंपन्या हुबळी-धारवाडला गेल्या आणि कन्नड कंपन्यांनी त्यांच्याकडून घ्यायचं ते घेतलं. किनाऱ्यावरून आलेलं नाटक सव्वाशे वर्षांनी दोन भावांनी परत किनाऱ्याकडे नेलं, एवढंच झालं.

कार्नाडांनी 'ओंदानोंदु कालदल्ली' काढायचं ठरवलं आणि शंकर नाग कर्नाटकात आले. हा १९७८चा चित्रपट. होयसळांच्या काळातला भाडोत्री योद्धा गंडुगली, घोडे, तलवारी, धूळ. जपानी दिग्दर्शक कुरोसावाला वाहिलेला मुजराच तो. शंकर नाग तेव्हा जेमतेम चोविशीचे. या भूमिकेसाठी त्यांना भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. पहिल्याच चित्रपटाला! दुसरा एखादा असता तर त्याने पुढची दहा वर्षं निवडक भूमिकांची वाट पाहत काढली असती. शंकर नाग यांनी उलटं केलं. बारा वर्षांत ऐंशीच्या वर चित्रपट केले आणि त्यातले बरेचसे मारामारीचे, सूडाचे, सरधोपट. याला मी गुणवत्तेची नासाडी म्हणणार नाही, पण पांघरूणही घालणार नाही. गंडुगलीच्या डोळ्यांत जे होतं ते त्यातल्या बऱ्याच चित्रपटांत दिसत नाही. फक्त तो पैसा कुठे गेला ते पाहायला हवं. 'मिंचिन ओटा', 'ॲक्सिडेंट' यांसारखे स्वतः दिग्दर्शित केलेले चित्रपट, बंगळुरूतला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, आणि 'संकेत' ही नाट्यसंस्था. पोट भरायला सिनेमा आणि जीव रमवायला नाटक, हे तर आपल्याकडच्या नटांचंही जुनंच गणित. फरक इतका की शंकर नाग यांनी सिनेमाला कमी लेखल्याचं दिसत नाही. रिक्षावाल्यासाठी केलेलं कामही त्यांनी रिक्षावाल्याच्या डोळ्याला डोळा देऊन केलं.

'संकेत'ने कन्नडमध्ये केलेल्या नाटकांत कार्नाडांचं 'अंजुमल्लिगे' होतं, 'नागमंडल' होतं, आणि आपल्या जयवंत दळवींची दोन होती: 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया'. 'संध्याछाया'तले नाना आणि नानी आठवा. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. घरात दोन म्हातारी माणसं दिवस ढकलताहेत, आलेल्या कुणालाही धरून ठेवताहेत, कारण तो गेला की पुन्हा दोघंच. मराठी मध्यमवर्गाने या नाटकाला रुमाल ओले केले. तेच नाना-नानी बंगळुरूच्या प्रेक्षकासमोर कन्नड बोलत बसले. शंकर नाग मुंबईहून काय घेऊन गेले असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर हे आहे: त्यांनी दळवी नेले. इकडून तिकडे गेलेली अशी नाटकं किती हे आपण कधी मोजलं नाही, आणि तिकडून इकडे आणायची घाई तर आता कुणालाच नाही.

मोठ्या भावाबद्दल थोडं. 'मालगुडी डेज'मध्ये 'मिठाईवाला' जगन झाले ते अनंत नाग. वय तेव्हा अडतिशीच्या आसपास, आणि भूमिका साठी गाठलेल्या विधुर बापाची. आर. के. नारायण यांच्या कादंबरीतला हा जगन गांधीवादी आहे, चरख्यावर सूत काततो, दुकानात बसून गीता वाचतो आणि संध्याकाळी सहानंतरची विक्री मात्र वहीत न दाखवता वेगळ्या भांड्यात टाकतो. त्याचा मुलगा अमेरिकेला जातो आणि कथा लिहिणारं यंत्र घेऊन परततो. या माणसाचा दंभ आणि त्याचा भाबडेपणा एकाच चेहऱ्यावर ठेवायचा, हसूही येऊ द्यायचं आणि त्याच्यावर हसूही नये, हे काम अनंत नाग यांनी आवाज न चढवता केलं. आजच्या पोरांना ते 'केजीएफ'च्या पहिल्या भागात कथा सांगणारे वृद्ध पत्रकार म्हणून ठाऊक आहेत. २०२५ला त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'वरच्या बेनेगल यांच्या चित्रपटात परशुराम तेच होते, आणि हंसा वाडकरांच्या आत्मकथेवरच्या 'भूमिका'तही होते. इतक्या मराठी मजकुरातून वावरलेल्या या नटावर मराठीत गंभीरपणे फारसं लिहिलं गेलेलं नाही.

आणि 'मंथन'. १९७६चा हा चित्रपट गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. पटकथा तेंडुलकरांची, डॉक्टर राव झालेले कार्नाड, त्यांचा तरुण सहकारी चंदावरकर म्हणजे अनंत नाग, आणि बिंदू म्हणजे स्मिता पाटील, आमच्या शेजारच्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. आमच्या भागात हा चित्रपट पाहणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर. सोसायटी, सभासद, निवडणूक, कोणत्या आळीला किती मतं हे शब्द पोरं बाराखडीबरोबर शिकतात. शहरातून आलेला सद्भावी साहेब गावाची भाषा शिकत नाही तोवर त्याचं काही चालत नाही, हे 'मंथन'ने दाखवलं. ती गोष्ट सांगणाऱ्या कार्नाड आणि अनंत नाग या दोघा नटांची घरची भाषा कोकणी होती, हे विसरून चालणार नाही. परक्याच्या बोलीत शिरायचं कसं, हे त्यांना स्वतःच्या अंगाने माहीत होतं.

आता आमच्याकडे बघा. लोणखेड्याच्या पंचक्रोशीत गुजरी आहे, अहिराणी आहे, भिली आहे, सातपुड्याकडे वर गेलं की पावरी. एवढ्या बोली एका बाजाराच्या दिवशी शहाद्यात ऐकू येतात. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मी विंगेत उभा होतो. शिवरायांवरची नाटिका. दोन मावळे पगडीवरून गुजरीत कडाकडा भांडत होते. हात, मान, डोळे, सगळं बोलत होतं, एकाने तर दुसऱ्याची अशी नक्कल केली की बाकीचे हसून लोळले. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. तेच दोघं समोर गेले, हात मांडीला चिकटवले आणि एका सुरात पाठ केलेलं शुद्ध मराठी म्हणून आले. टाळ्या पडल्या. नाटक मात्र विंगेतच होऊन गेलं होतं.

घरच्या बोलीचा रंगमंच आमच्याकडे नाही असं नाही. भिलांच्या सोंगाड्या पार्ट्या रात्र रात्र खेळ करतात आणि लोक थंडीत घोंगडी घेऊन बसतात. तिथले काही नट असे आहेत की त्यांना मुंबईच्या कुठल्याही नाट्यशाळेने दारातून आत ओढून घ्यावं. पण पार्टीतून कॉलेजच्या एकांकिकेत आणि तिथून नाशिक-पुण्याच्या स्पर्धेत जायची वाटच नाही. तालमकीवाडीपासून दुब्यांच्या तालमीपर्यंतचं अंतर चालत जाण्याचं होतं. आमच्या पोराला आधी बोली फाटकाबाहेर ठेवावी लागते, मगच आत घेतात. पावरी बोलणारा मुलगा उत्तम नट असू शकतो, हे परीक्षकाला कळायची सोयच स्पर्धेच्या नियमात नाही.

शंकर नाग ३० सप्टेंबर १९९०ला गेले. 'जोकुमारस्वामी'च्या चित्रीकरणासाठी निघाले होते, दावणगेऱ्याजवळ अनगोडूला गाडीला अपघात झाला. छत्तिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच अपघातातून वाचलेल्या अरुंधती नाग यांनी २००४ला बंगळुरूत 'रंगशंकरा' हे नाट्यगृह उभं केलं. तिथे कन्नडबरोबर इतर भाषांची नाटकंही सन्मानाने होतात, आणि तिकीट काढून लोक पाहायला येतात.

तेव्हा शंकर नाग कन्नडचे, यात वाद नको. आपला वाटा किती, हेही आता सोडून द्या. शहादा, तळोदा, नंदुरबारच्या शाळा-कॉलेजांतल्या सांस्कृतिक समित्यांवर जे बसतात, त्यांच्याकडे एकच मागणं आहे. येत्या संमेलनात मराठी नाटिका जरूर ठेवा, पण एक प्रवेश गुजरीत, अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत होऊ द्या. लिहून द्यायला कुणी मिळत नसेल तर पोरांनाच विषय द्या आणि तुम्ही विंगेत उभे राहा.