तलवारीची सही, बंदुकीचा नंबर

नाकायामाचं होकेक्योजी देऊळ इचिकावाकर मंडळींना नवीन नाही. भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना तिथे नेतोच. तिथला पाच मजली पॅगोडा १६२२ साली होन्आमी कोशित्सु या गृहस्थांनी कागाच्या माएदा सरदारांच्या मदतीने उभारला. होन्आमी घराण्याचा पिढीजात व्यवसाय तलवारींना झळाळी देण्याचा आणि त्या पारखण्याचा. अमुक तलवार अमुक कारागिराची, असा दाखला ते लिहून देत.

दाखला लागायचा, कारण सही जायची. जपानी लोहार आपलं नाव मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर कोरत. पुढे लढाईची पद्धत बदलली, लांब तलवारी आखूड करायची वेळ आली. पातं टोकाकडून कापत नाहीत, मुठीकडून कापतात. म्हणजे नेमकी सहीच जाणार! म्हणून काही जण सहीपुरता तुकडा जपून कापून नव्या बुडात बसवत, तर काही तो भाग मागे दुमडून ठेवत. सहीमुळे तलवारीची धार काही वाढत नाही. तरीही एवढा खटाटोप! मला तो फार बोलका वाटतो.

आता बंदुकीकडे येऊ. नळी बदलली, दस्ता बदलला, घोडा बदलला, तर बंदूक तीच राहिली का? मिलिंद राजा आणि नागसेन यांच्या संवादातला रथाचा प्रश्नच हा. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, मग रथ कोणता? तत्त्वज्ञाला हा प्रश्न उघडा ठेवता येतो, कायद्याला नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने सरळ ठरवून टाकलं की यंत्रणा ज्यात बसते तो सांगाडा म्हणजे बंदूक, आणि नंबर त्याच्यावर. बाकी सारे सुटे भाग. (आमच्या डेटाबेसवाल्यांच्या भाषेत ही प्रायमरी की. रेकॉर्डमधलं बाकी सगळं बदला, तिला हात लावू नका.)

आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदा आणखी पुढे जातो. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. इथवर ठीक. पण पुढे म्हटलंय की नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जाईल. तसं नसेल तर ते त्याने सिद्ध करावं. ज्यांच्याकडे आधीपासून अशी बंदूक होती त्यांना कायदा लागू झाल्यावर एक वर्षाची सवलत होती, तेवढीच.

हे न्याय्य आहे का? गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण शाळेपासून ऐकतो. आजोबांच्या बंदुकीवरचा नंबर कुणा कारागिराने गंज काढताना कानशीने घासला असेल, तर नातवाने साक्षीदार कुठून आणायचा? शिवाय आपण इथे झाइर्यू कार्ड खिशात घेऊन फिरणारे परदेशी लोक. कार्ड जवळ नसलं तर संशय आपल्यावर, ही भावना आपल्याला ठाऊक आहे. गंमत म्हणजे नवं कार्ड मिळालं की नंबरही बदलतो, आणि आपण मात्र तेच राहतो.

तरीही मला हे कलम पटतं. माणसाच्या अस्तित्वाला परवाना लागू नये. बंदूक मात्र कुणीतरी हौसेने किंवा गरजेने, आपणहून जवळ बाळगतो. तिची गोळी ज्याला लागेल त्याने ती जोखीम पत्करलेली नसते. गोळी कुणी झाडली हे नंबर सांगत नाही. ती बंदूक कुणाकुणाच्या हातून गेली एवढंच विचारायची सोय करतो. ही विचारणा ज्याला नको असेल त्यालाच नंबर नको असतो. तेव्हा बंदूक हाती घेताना नंबर पाहून घेणं, हे ओझं घेणाऱ्यावर टाकण्यात अन्याय दिसत नाही. नातवाचं प्रकरण कोर्टाने सहानुभूतीने पाहावं, एवढी अपेक्षा मात्र राहते.

अर्थात नंबरावर फार विसंबूनही चालत नाही. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात शिंझो आबे यांच्यावर झाडलेली बंदूक घरी बनवलेली होती. कुठल्याच दप्तरात नसलेल्या बंदुकीचा नंबर कोण शोधणार?

जपानचा कायदा दोन्ही वाटा सांभाळतो. परवाना घेऊन आणलेली बंदूक १४ दिवसांत पोलिसांना दाखवावी लागते, आणि तिच्यावर नंबर नसेल तर तो ठोकून घेण्याचा हुकूम देता येतो. जुन्या तलवारी आणि तोड्याच्या बंदुकांची गोष्ट वेगळी. त्यांची नोंद पोलिसांकडे नव्हे, प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे होते; आपल्यासाठी चिबाच्या. नोंदपत्रात लांबी, सही असा तपशील असतो आणि ते मालकाच्या नव्हे, वस्तूच्या सोबत फिरतं. वस्तू नव्या हाती गेली की २० दिवसांत कळवायचं. सही नसलेल्या तलवारीचीही नोंद होते. त्या रकान्यात 'मुमेइ' लिहितात, म्हणजे सही नाही.