प्रतिमेचे विश्वस्तपण

प्रतिमेविषयीची परस्परविरुद्ध वाटणारी दोन उत्तरे वर्धा जिल्ह्यात एकमेकांपासून थोड्याच अंतरावर उभी आहेत. धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भावे १९३८ मध्ये राहावयास गेले, तेव्हा शेत खणताना जमिनीतून भरत-राम भेटीचे प्राचीन शिल्प निघाले आणि विनोबांनी त्याची भक्तिभावाने स्थापना केली. उलट वर्ध्याजवळच्या गोपुरी येथील गीताई मंदिरात मूर्तीही नाही आणि छप्परही नाही, तेथे उघड्या आकाशाखाली उभ्या असलेल्या शिळांवर विनोबांच्याच ‘गीताई’तील श्लोक कोरलेले आहेत. एकाच पुरुषाच्या जीवनकार्यात मूर्ती आणि अमूर्त यांना अशी सारखीच जागा मिळते, तेव्हा प्रतिमा घडवावी की घडवू नये, हा वाद मागे पडतो आणि घडवलेल्या प्रतिमेशी मनुष्याने कोणते नाते ठेवावे, हा अधिक मूलभूत प्रश्न पुढे येतो. असंग्रहाच्या, म्हणजे गरजेपलीकडे काहीही जवळ न बाळगण्याच्या व्रताशी हा प्रश्न ताडून पाहण्यास छायाचित्रकलेसारखे दुसरे क्षेत्र नाही, कारण छायाचित्र हा दृश्याचा संग्रहच असतो.

या प्रश्नाला सेवाग्राममध्ये प्रत्यक्ष रूप मिळाले. गांधीजी १९३६ मध्ये शेगाव येथे राहावयास आले आणि पुढे १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याच काळात त्यांच्या नात्यातील, नातवाच्या पिढीतील, कनू गांधी हा तरुण आश्रमाच्या कामात होता. त्याने छायाचित्रे काढावीत अशी सूचना विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी केली आणि घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. गांधीजींनी संमती देताना तीन अटी घातल्या: फ्लॅशचा प्रकाश वापरावयाचा नाही, छायाचित्रासाठी कोणालाही विशिष्ट पवित्र्यात बसवावयाचे नाही आणि आश्रमाचा पैसा या कामावर खर्च करावयाचा नाही. या अटी वरकरणी काटकसरीच्या व शिस्तीच्या वाटतात. परंतु नीट पाहता त्यांतील पहिली अट समोरच्या माणसाच्या शांततेचे रक्षण करते, दुसरी सत्याचे आणि तिसरी सार्वजनिक धनाचे, म्हणजेच प्रतिमा घेणाऱ्याचे तीन ठिकाणचे देणे त्या सांगतात.

कनू गांधींची फिल्म गुंडाळीची होती आणि तिच्यावर एकापाठोपाठ बारा चित्रे घेता येत. त्याहून जुन्या पद्धतीच्या लाकडी कॅमेऱ्यात, ज्यात भिंग आणि मागची चौकट यांना कापडी किंवा चामडी भाता जोडतो, प्रत्येक चित्रासाठी सुटी फिल्म लागते आणि तिला शीट फिल्म म्हणतात. केरळातील आलप्पुळ येथे १९४० च्या दशकात बनू लागलेला ‘वागीश्वरी’ हा कॅमेरा याच जातीचा असून, स्वदेशी कारागिरीने या क्षेत्रात काय साधले याचे ते उत्तम उदाहरण आहे. शीट फिल्म अंधारात होल्डरमध्ये, म्हणजे प्रकाशबंद चपट्या चौकटीत, दोन्ही बाजूंना एकेक अशी भरावी लागते. मग काळ्या कापडाखाली डोके घालून खरबरीत काचेवर उलटे उमटलेले दृश्य स्थिर करावयाचे, होल्डर बसवावयाचा, त्याची सरकती झडप ओढावयाची आणि भिंग उघडावयाचे, एवढा सारा विधी एका चित्रासाठी करावा लागतो. सेवाग्रामच्या बापू कुटीसारख्या मातीच्या भिंतींच्या व मंद उजेडाच्या वास्तूत भिंग कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागते. त्यातही उजेड फार मंद असला की फिल्मची संवेदनशीलता घटत जाते, म्हणून हिशेबाने आलेल्या वेळेत आणखी भर घालावी लागते.

अशी फिल्म आज महाग आहे आणि म्हणून जुने कॅमेरे वापरणारे अनेक अभ्यासक रुग्णालयांसाठी बनणाऱ्या क्ष-किरण फिल्मकडे वळतात, कारण तिची किंमत छायाचित्रणाच्या शीट फिल्मच्या मानाने पुष्कळ कमी असते आणि आठ बाय दहा इंचांच्या एका पत्र्यातून चार बाय पाच इंचांचे चार तुकडे कापता येतात. उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातून ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल आणि क्ष-किरण अशा दोन्ही प्रकारच्या फिल्म निघत. तो कारखाना आता बंद पडला आहे.

येथे पहिला विवेक आवश्यक ठरतो. स्वस्त वस्तू वापरणे म्हणजे असंग्रह नव्हे. किंबहुना स्वस्ताई ही संग्रहाची मोठी मोहिनी आहे, कारण किंमत उतरली की हात सैल सुटतो आणि एका चित्राने भागण्यासारखे असताना दहा घेतली जातात. महाग फिल्म मनुष्याला जपून वागावयास लावते, पण तो संयम पैशाने लादलेला असतो आणि लादलेल्या संयमाला व्रत म्हणता येत नाही. म्हणून छायाचित्रकाराच्या असंग्रहाची खरी परीक्षा स्वस्त फिल्म हाती आल्यावरच होते: जो महाग पत्र्यापुढे थांबला असता तितकाच स्वस्त पत्र्यापुढेही थांबतो, त्याचा संयम त्याचा स्वतःचा असतो.

दुसरा विवेक अहिंसेचा आहे. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनच्या लेपात प्रकाशसंवेदी रजत-क्षार बसवण्याची पद्धत मांडली आणि तेव्हापासून फिल्मचा लेप जिलेटिनचाच राहिला. हे जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी उकळून काढतात आणि क्ष-किरण फिल्मवर तर तो लेप सहसा दोन्ही बाजूंना असतो. अहिंसेचे व्रत मानणाऱ्याला ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही. वर्ध्याने या स्वरूपाच्या प्रश्नावर फार पूर्वी विचार केला आहे: नालवाडी येथील चर्मालयात गोपाळराव वाळुंजकर यांनी नैसर्गिक मृत्यू आलेल्या गुरांच्याच कातड्यावर काम करण्याचा प्रयोग चालवला, ज्याच्या मुळाशी चामडे वर्ज्य करण्याऐवजी त्याच्यामागची हत्या टाळण्याचा विचार होता. फिल्मच्या बाबतीत असा निवाडा वापरणाऱ्याच्या हाती नाही, कारण कोणत्या पत्र्यातील जिलेटिन कोणत्या जनावराचे, हे त्याला कळू शकत नाही. तेव्हा निर्दोषपणाचा दावा करण्याचा अधिकार त्याला उरत नाही. उरते ते केवळ ऋण, आणि ते ऋण ओळखून एकही पत्रा निष्कारण वाया न घालवण्याचे बंधन.

तिसरा विवेक सत्याचा आहे. क्ष-किरण फिल्म निळ्या, आणि काही प्रकारांत हिरव्याही, प्रकाशाला ग्रहण करते, पण तांबड्याला जवळजवळ आंधळी असते. म्हणूनच डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली चित्र उमलताना पाहता येते आणि म्हणूनच त्या चित्रात कपाळावरचे कुंकू काळे, वैशाखातले निळे आकाश कोरे आणि फुललेला पळस काजळी धरल्यासारखा दिसतो. अशा चित्राला असत्य म्हणावे काय? जैन दर्शनातील अनेकांतवाद, म्हणजे वस्तूला अनंत अंगे असून कोणतेही एक विधान त्यांतील काहींपुरतेच खरे असते हे मत, येथे उपयोगी पडते. वस्तूच्या एका अंगाकडे पाहणाऱ्या दृष्टीला ते दर्शन ‘नय’ म्हणते आणि तेच अंग म्हणजे संपूर्ण वस्तू असा आग्रह धरणाऱ्या दृष्टीला ‘दुर्नय’ म्हणते. तांबडा रंग न पाहणारी फिल्म हा एक नय आहे. तिची मर्यादा उघड असल्यामुळे पाहणाऱ्याची फसगत होत नाही. दुर्नयाचा धोका उलट जेथे चित्र सर्वांगपरिपूर्ण भासते आणि आपण एका बाजूने पाहिले आहे हे विसरवते, तेथे अधिक असतो.

हे तिन्ही विवेक एकत्र आणणारे सूत्र पवनारच्या त्या शिल्पातील भरतापाशी आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीता प्रवचने’ प्रसिद्ध आहेत. त्यांतील बाराव्या अध्यायावरील प्रवचनात रामाच्या सान्निध्यात सेवा करणारा लक्ष्मण सगुण भक्तीचा आणि रामापासून दूर राहून रामाचे काम करणारा भरत निर्गुण भक्तीचा प्रतिनिधी म्हणून येतो व दोघांची भक्ती परस्परपूरक ठरते. मात्र निर्गुणाच्या या उपासकालाही चित्रकूटहून परतताना पादुका लागल्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पादुका रामासारख्या दिसत नाहीत. त्यांचे मोल एवढेच की रामाच्या पायांचा त्यांना स्पर्श झाला आहे. निगेटिव्ह, म्हणजे जिच्यात उजेडाच्या जागी काळे आणि अंधाराच्या जागी पारदर्शक उमटते ती मूळ फिल्म, हीसुद्धा प्रथम स्पर्शाची खूण आहे, कारण ज्या प्रकाशाने त्या माणसाचा चेहरा उजळला तोच प्रकाश तेथून निघून रजतकणांवर येऊन पोचला. सादृश्य ही त्या स्पर्शातून आलेली पुढची गोष्ट आहे.

भरताने त्या पादुका सिंहासनावर ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहून चौदा वर्षे राज्य सांभाळले, पण ते आपले मानले नाही. गांधीजींनी संपत्तीच्या संदर्भात मांडलेला विश्वस्तवृत्तीचा विचार, म्हणजे हाती असलेले धन आपल्या मालकीचे न मानता समाजाची ठेव म्हणून वागवणे, हा भरताच्याच आचरणाचा विस्तार म्हणता येईल आणि प्रतिमेला तो तितकाच लागू पडतो. असंग्रहाचा अर्थ प्रतिमा नसणे असा केल्यास पवनारचे शिल्प पुन्हा मातीत पुरावे लागेल. आपल्यापाशी आलेली प्रतिमा दुसऱ्याची ठेव आहे असे जाणणे, हा अर्थ घेतल्यास मूर्ती आणि मूर्तिहीन मंदिर या दोहोंना एकाच जिल्ह्यात जागा राहते. ठेवीला हिशेब असतो आणि शेवटी ती परत करावयाची असते. ज्याने सेवाग्राम परिसरातील एखाद्या अंगणात जुना कॅमेरा मांडून एका वृद्धेचा चेहरा स्वस्त पत्र्यावर घेतला, त्याने त्या चित्राची पहिली प्रत करून तिच्याच घरी नेऊन देणे हे सौजन्यापुरते कृत्य ठरत नाही. चौदा वर्षांनी भरताने जे केले, त्याचीच ती लहानशी आवृत्ती आहे आणि असंग्रहाचे व्रत तेथेच पुरे होते.