बगळ्याचे पाऊल आणि टाकीतला म्हातारा जीव

॥ रामकृष्ण हरि ॥

आजचे चिंतन : ज्ञानेश्वरी, अध्याय १३ वा, अहिंसा

काल आपण अदंभित्व पाहिले. आज पुढचे लक्षण. गीतेच्या श्लोकात अहिंसा हा एकच शब्द येतो. माउली मात्र त्यावर कितीतरी वेळ थांबतात, आणि सुरुवात करतात ती अडचणीच्या प्रश्नाने. एक जीव वाचवायला दुसरा जीव घ्यायचा, ही कसली अहिंसा? ते आयुर्वेदाचंच उदाहरण देतात. औषधासाठी मुळं उपटली, झाडं सोलली, प्राणी मारले, आणि रोगी बरा केला. माउलींना हे फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालण्यासारखं वाटतं.

मंडळी, हा प्रश्न गेले चार महिने पौडला आमच्या घरी मुक्कामाला आहे.

पुतणी शिकायला परदेशी गेली, तेव्हा तिचा ॲक्सोलॉटल आमच्याकडे आला. नाव चिंगी. हा मूळचा मेक्सिको शहराजवळच्या सोचिमिल्को भागातल्या कालव्यांचा जीव. दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाच्या जवळचा. बेडूक मोठा झाला की पाण्याबाहेर येतो, हा जन्मभर पाण्यातच राहतो. मानेशी पिसांसारखे कल्ले असतात, तेही शेवटपर्यंत तसेच. चांगली निगा राखली तर दहा-पंधरा वर्षं जगतो. चिंगी आता बारा वर्षांची आहे. कल्ले झडत आलेत, पोटात पाणी झालंय. पुण्यातल्या पशुवैद्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं, "काका, हे वयाचं दुखणं आहे. बरं होणार नाही. त्रास कमी करता येईल."

याला पाणी थंड लागतं, सोळा ते अठरा अंश. आपल्या मुळशीत पावसाळ्यात चिंता नसते, पण एप्रिलमध्ये टाकीचं पाणी तापतं. मग पाण्यावरून पंखा सोडायचा, बर्फ केलेल्या बाटल्या आलटून पालटून टाकीत तरंगत ठेवायच्या. लाइट गेली की माठाशेजारच्या गार कोपऱ्यात, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला टाकी सरकवायची. हे सगळं जमतं. न जमणारी गोष्ट वेगळीच आहे. चिंगी गांडुळं खाते.

मी माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. आणि रोज सकाळी, हरिपाठ झाल्यावर, परसातल्या खताच्या ढिगातून एक गांडूळ काढायचं, तिला मोठा घास गिळवत नाही म्हणून त्याचे तुकडे करायचे, आणि चिमट्याने तिच्या तोंडापुढे धरायचे. विकतच्या गोळ्या आणून पाहिल्या. त्या मासळीच्या भुकटीच्याच निघाल्या. म्हणजे जीव घेणारा हात फक्त दुसऱ्याचा. शेजारचे विचारतात, "बुवा, हे तुमच्या माळेला चालतं का?" प्रश्न चुकीचा नाही. माउलींनी तो सातशे वर्षांपूर्वीच विचारून ठेवलाय.

त्याच मेक्सिकोत पात्झक्वारो नावाचं सरोवर आहे. तिथल्या मठातल्या ख्रिस्ती जोगिणी याच्याच एका भाऊबंदाला, आचोकेला, पाळतात. त्याच्यापासून खोकल्याचं औषध करण्याची त्या मठाची जुनी रीत. जीवाकारणे जीवघात, अगदी माउली म्हणतात तसाच. पुढे सरोवरात आचोके दिसेनासे होत गेले, तेव्हा जोगिणींनी मठातच टाक्या मांडून त्यांची पैदास सुरू केली. आज तो जीव टिकवण्याच्या कामात शास्त्रज्ञही त्यांची मदत घेतात. घेणारा हात आणि राखणारा हात एकच. संसारात हिशेब इतका सरळ नसतो.

मग माउली उत्तर काय देतात? ते "चालूच नका" असं सांगत नाहीत. ते चालणाऱ्याचं वर्णन करतात. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो? पाण्यावरची लाट मोडू नये, साचलेलं पाणी हलू नये असं. कमळावर भुंगा बसतो, आतला केसर चुरगळू नये म्हणून जपून, असं. आणि या दृष्टांतांच्या मध्ये माउली कोणाला आणतात? बगळ्याला! तो तर भक्ष्यावर नजर ठेवूनच पाण्यात पाय टाकतो. कुणीही म्हणेल, अहिंसेच्या प्रकरणात बगळा कशाला?

मला वाटतं, माउलींनी त्याची भूक घेतली नाही, फक्त त्याचं पाऊल घेतलं. देहात आहोत तोवर आपणही कुणाचं तरी खाऊनच उभे आहोत. भातखाचरात चिखलणी होते तेव्हा किती जीव जातात, ते शेतकऱ्याला विचारा. पाऊल पडणारच. ते किती भार टाकून पडतं, एवढंच आपल्या हातात. म्हणून एकच गांडूळ, तेही तिने तोंड उघडलं तरच. तिला हात लावायचा नाही, तिची कातडी फार नाजूक असते. पाणी एकदम बदलायचं नाही, थोडं काढायचं, तितक्याच गारव्याचं थोडं घालायचं. पाणी हलू न देणं ही माउलींची ओवी आमच्या घरी रोजचं काम झाली आहे.

काही जण म्हणतात, "कशाला त्रास? धरणात सोडून द्या, पुण्य लागेल." नाही लागणार. ती तिथे दोन दिवसही तगणार नाही. शिवाय असे पाळीव जीव पाण्यात सोडले तर त्यांच्याबरोबर आलेला रोग आपल्या सह्याद्रीच्या बेडकांना लागू शकतो. जबाबदारी टाकून देण्याला मुक्ती म्हणू नये.

आणि दुसऱ्या टोकाला जडभरत आहे. भागवतातली ती कथा आपल्याला माहीत आहे. पाडसाला वाचवलं ती दया होती, पुढे त्याच्यातच जीव अडकला तो मोह. पशुवैद्यांनी पोटातलं पाणी पुन्हा पुन्हा काढायचा मार्गही सांगितला होता. त्यातून आणखी काही आठवडे मिळाले असते. पुतणीने फोनवर विचारलं, "काका, ते आठवडे तिला हवेत की आपल्याला?" मी बराच वेळ गप्प होतो. मग म्हटलं, "आपल्याला, बाळा." आम्ही ठरवलं, सुया नाहीत. खाणं सुटलं, कूस बदलेनाशी झाली, की पशुवैद्यांच्या हातून शांतपणे निरोप द्यायचा. हेही पाऊलच आहे, आणि सगळ्यात जड. ते हलकं पडावं एवढीच प्रार्थना.

आजची साधना : आपल्या आधाराने जगणारा एखादा जीव आठवा. म्हातारी आई असेल, दावणीचा थकलेला बैल असेल, कुंडीतलं रोप असेल. त्याच्यासाठी आज जे कराल, ते करण्याआधी क्षणभर थांबून विचारा, हे त्याच्यासाठी की माझ्यासाठी? उत्तर काहीही आलं तरी पाऊल हळू टाका.

उद्या पुढचे लक्षण, क्षांती.

॥ माउली ज्ञानेश्वर महाराज की जय ॥