चराचरातला देव आणि गजावरची राळ

 मराठवाड्यातल्या औंढा नागनाथला पिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा खेचर संत नामदेवांना म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि पाय ठेवावेत तिथे पिंड उमटत गेली, असे परंपरा सांगते. यावरून पुष्कळ जण सोपा निष्कर्ष काढतात: देव सर्वत्र सारखाच, मग साधनांची चिकित्सा कशाला? हा निष्कर्ष चुकीचा आहे. खेचरांनी पवित्र-अपवित्राची उतरंड मोडली. उचित-अनुचिताचा विवेक नव्हे.

हा विवेक वाद्याच्या गजावरही दिसतो. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि शीख कीर्तनाच्या जुन्या वादनपरंपरेत ताऊस, दिलरुबा ही गजाची वाद्ये आहेत. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात. सोवळ्यात ते बसायचे नाहीत. त्यांवर चीडाच्या चिकाची राळ घासली नाही, तर ते तारेवरून नुसते घसरतात. राळेमुळे केस तारेला धरतात, ताण वाढताच सोडतात. या धरसोडीतूनच नाद उठतो. सी. व्ही. रामन यांनी 1918 मध्ये गजाने वाजणाऱ्या तारांच्या कंपनांचा सिद्धान्त मांडला. पाश्चात्त्य संगीतातल्या डबल बेस या गजाच्या वाद्याची सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे 41 वेळाच कंप पावते. त्या जाड तारेला व्हायोलिनच्या राळेपेक्षा मऊ, चिकट राळ लागते. पण फार मऊ राळ मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाघळेल. तिथे जरा कडक बरी. कोलस्टाइन कंपनीची बेसची राळ मऊ, कडक आणि सर्व ऋतूंसाठीची अशी वेगवेगळी मिळते, ती यासाठीच. इथे कोणतीही राळ श्रेष्ठ वा हीन नाही. तार, हवा आणि हात पाहून ती ठरते.

कोणी म्हणेल, भाव असला की पुरे. पण घसरणाऱ्या गजातून भाव श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशी चिकित्सा हळूहळू वस्तूंची हौस बनते, किंवा नवे कर्मकांड. धोका खरा आहे. मात्र कर्मकांडाचा नियम वाजवण्याआधीच ठरलेला असतो, तर राळेची निवड प्रत्येक वेळी तारेकडून तपासून घ्यावी लागते. नाद सुधारला की चिकित्सा थांबली पाहिजे. त्यापुढे उरते ती हौस. देव सर्वत्र आहे असे मानणाऱ्याने म्हणूनच कोणतीही वस्तू विटाळाची मानू नये, आणि कोणतीही बेफिकिरीने वापरू नये.