जपाची संख्या आणि जपाचे मन

सव्वा लाख महामृत्युंजय जप म्हणजे प्रत्यक्षात किती काम, याचा हिशेब यजमान सहसा विचारीत नाहीत. माळ १०८ मण्यांची. परंतु आमच्याकडे मोजताना १०० च धरतात, वरचे आठ उच्चारातील चुकांपोटी सोडून देतात. म्हणजे १२५० माळा झाल्या. एका मंत्रास दहा सेकंद धरले, तर पाच जणांनी रोज साडेसात तास बसल्यास दहा दिवसांत अनुष्ठान पुरे होते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका अनुष्ठानास आम्ही तीर्थरूपांसमवेत पाचवे म्हणून बसलो होतो. यजमान रुग्णालयात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुखाने मंत्र चालू होता, मणी सरकत होते आणि मन मात्र नोकरीच्या अर्जात गुंतले होते. दहा माळा संपल्या तेव्हा ध्यानात आले की, त्यांतील एकही आमच्या कानांवर पडलेली नाही. सायंकाळी यजमानांच्या पत्नी तीर्थ घेण्यास आल्या. त्यांनी विचारले, "आजचा जप झाला ना?" आम्ही म्हणालो, "झाला." ते उत्तर खरे होते की खोटे?

संख्येच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. संकल्पात संख्या उच्चारली जाते, एकाग्रता नव्हे. वचन द्यावे ते हाती असलेल्या गोष्टीचे. माळ हाती आहे, मन नाही. मंत्रांस अर्थच नसतो, हे कौत्साचे मत तर यास्कानेही निरुक्तात नोंदविले आहे. अर्थात खोडून काढण्यासाठी! अर्थ न जाणता वेद घोकणाऱ्यास त्याच ग्रंथात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. आणि केवळ ध्वनीच पुरेसा असेल, तर अलीकडे घरोघर दिसणारी मंत्र म्हणणारी विजेची पेटी आमच्याहून सरस ठरेल. ती थकत नाही, तिला नोकरीही नको असते.

मंत्रपठणाने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येऊन संथ होतो व हृदयाच्या लयीस त्याचा लाभ होतो, असे इटलीतील लुचियानो बेर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. त्यांनी बौद्धांचा मंत्र व ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, दोन्ही तपासली होती. परंतु हा लाभ म्हणणाऱ्याचा. म्हणजे दक्षिणा यजमानांनी दिली आणि श्वास आमचा सुधारला! आमची अडचण त्याने सुटत नाही.

रात्री आम्ही सर्व वृत्तांत वडिलांस सांगितला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मन गेले याचे काही नाही. ते माझेही जाते. गेलेले तुला दहा माळांनी कळले, हे वाईट."

या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला. चंचल मन जेथे जेथे जाईल तेथून तेथून परत आणावे, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. ते जाणारच, हे तेथे गृहीतच आहे. पतंजलींनी जपासोबत अर्थाची भावना सांगितली, ती बहुधा यासाठीच असावी. परत यावयाचे तर यावयास ठिकाण हवे. महामृत्युंजयात पिकलेले फळ देठापासून सुटावे तसे मृत्यूच्या बंधनातून सुटण्याची प्रार्थना आहे. ते फळ क्षणभर डोळ्यांसमोर आणले की पुढचा मणी पहिल्यासारखा राहत नाही, हा आमचा अनुभव आहे. प्रत्येक मण्यास ते साधते, असे मात्र म्हणवत नाही.

तरीही त्या बाईंना दिलेल्या उत्तराचे काय, असे आम्ही विचारले. वडील एवढेच म्हणाले, "ते तू बघ."

शेजारतीनंतर आम्ही पुन्हा आसनावर बसलो. दहा माळा, म्हणजे तीन तास. मन पुष्कळदा गेले. त्यातल्या त्यात लवकर कळले. त्या माळा वहीत मांडल्या नाहीत, कारण वहीत त्या आधीच मांडलेल्या होत्या. यजमानांच्या प्रकृतीचे पुढे काय झाले, ते येथे मुद्दाम लिहीत नाही. त्यावरूनच वाचक या प्रश्नाचा निकाल लावतील. मध्यरात्री वडील उठून आले, समईत तेल घातले आणि काही न बोलता निजावयास गेले.