तीनशे रुपयांची वाढ

खोली शोधायला निघालेला माणूस दोनच गोष्टी विचारतो. स्टेशन किती लांब, आणि भाडं दर कराराला किती वाढणार. तिसरी गोष्ट घरमालक विचारतो. सरळ नाही विचारत. 'पूर्ण नाव काय म्हणालात?' 'मूळ गाव कुठलं?' 'घरात नॉनव्हेज करता का?' एवढ्यात त्याचं काम भागतं.

आधी आपल्या दोन प्रश्नांचा हिशेब मांडू. कळव्याला स्टेशनपासून सात मिनिटांवर मला नऊ हजाराची खोली मिळत होती. तशीच खोली आत, डोंगराकडं, सात हजाराला. पण आतून स्टेशनला यायला शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. जाऊन येऊन चाळीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हजार चाळीस. आम्ही नवरा-बायको दोघं कामाला, म्हंजे दोन हजार ऐंशी. स्वस्त खोली महाग पडली की नाही? वर रिक्षाच्या रांगेत जातो तो वेळ वेगळाच.

वाढीचंही तसंच. नऊ हजारावर दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढले तर चौथ्या करारात १०,४१८ होतात. दहा टक्क्यांनी ११,९७९. फरक महिन्याला पंधराशेच्या वर. आणि परवडत नाही म्हणून उठलो, तर एजंटची एका महिन्याची दलाली, टेम्पो, नवं डिपॉझिट. म्हणून कमी वाढ करणारा मालक भेटला की माणूस त्याच्या पायरीला चिकटून बसतो.

मला भेटला होता तसा. माझं आडनाव गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं. बापाला शाळेत घातलं तेव्हा मास्तरनं लावलं. त्यातून जात वाचता येत नाही. एजंट म्हणाला, तुमचं काम होऊन जाईल. मी मान हलवली. खोटं काही बोललो नाही. खरंही बोललो नाही. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्याच्या घडीत ठेवला. दर कराराला मालकानं फक्त तीनशे वाढवले. वर म्हणायचा, 'तुमच्यासारखे शांत, आपल्यातलेच लोक कुठं मिळतात?' आपल्यातलेच! आणि मी हसायचो.

अभ्यासवर्गात मी हे एकदा बोललो. एक पोरगा ताडकन म्हणाला, नाव लपवणारा गद्दार. त्याच्या बापाची स्वतःची खोली आहे, कर्ज फिटलेली. दुसरा म्हणाला, आधी डोक्यावर छप्पर, मग स्वाभिमान. दोन्ही उत्तरं मला पटली नाहीत. अजून पटत नाहीत.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. परदेशात शिकून आलेला माणूस! शेवटी एका पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहून राहिले. रोजचा दीड रुपया देऊन. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली कर म्हणाली. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडं जागा निघाली नाही. रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आपण दुसऱ्याच्या नावानं राहिलो त्याचं समर्थन करता येत नव्हतं, हेही लिहिलंय. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, दार बंद करणारा समाज माणसाला नाव लपवायला लावतो. तेव्हा लपवणाऱ्याला आधी आरोपी करू नका. दोन, त्यांनी ते गिळून टाकलं नाही. जगासमोर मांडलं.

मी गिळत होतो. आणि त्यात तोटा माझ्या एकट्याचा नव्हता. मालकाच्या खोलीत एक महार-बौद्ध कुटुंब तीन वर्षं राहिलं, वेळेवर भाडं दिलं, भिंतीचा पोपडासुद्धा पडू दिला नाही. पण हे त्याला कळलंच नाही. माझ्यानंतर खरं नाव सांगून जो येणार, त्याला तो तोंड भरून नाही म्हणणार. म्हंजे माझ्या तीनशे रुपयांतला काही भाग तो पुढचा माणूस भरत होता.

मग गावाकडनं आई आली. पहिल्याच रात्री तिनं भिंती बघितल्या. 'फोटो कुठाय रं?' मी म्हणालो, भिंतीला ओल हाय. तिनं भिंतीला हात लावून बघितला. बोलली काहीच नाही. सकाळी मी खिळा ठोकला.

करार संपत आला तेव्हा मालक वर आला. फोटोकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. म्हणाला, रेट वाढलेत, या वेळी दोन हजार वाढवावे लागतील. जातीबद्दल एक अक्षर नाही. तो कुठं कच्चा आहे? तेव्हा मला कळलं, तीनशेची वाढ ही वाढ नव्हतीच. ती कृपा होती, आणि तिचे बाकीचे पैसे मी गप्प बसून फेडत होतो.

पोरांनो, म्हणून सांगतो. पागडीच्या जुन्या खोल्यांना १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ ठरवून दिलीय. त्या खोल्या आपल्याला कुठल्या? आपल्या वाट्याला लिव्ह अँड लायसन्स. तिथं टक्क्याला मर्यादा नाही, कागदावर लिहाल ते खरं. मग लिहूनच घ्या. करार एकदम तीन वर्षांचा करा, वाढ आकड्यात घाला. याच कायद्याच्या कलम ५५ नं करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलीय. 'विश्वासावर चालू द्या' म्हणणाऱ्या मालकाला हे कलम दाखवा. कागदानं जात मरत नाही, ठाऊक आहे मला. पहिल्या दारातच नाही म्हणणाऱ्याला कागद काय करणार? पण आत गेल्यावर मालकाच्या मर्जीसाठी ट्रंक बंद ठेवावी लागत नाही.

आता आम्ही आत, डोंगराकडं राहतो. एजंटला पूर्ण नाव सांगितलं, जात विचारायच्या आधी सांगितली. चार दारं बंद झाली, पाचवं उघडलं. सात हजार, दरसाल पाच टक्के, तीन वर्षं, नोंदलेला करार. रिक्षाचे पैसे जातात. बायको सकाळी चालत स्टेशन गाठते, पंचवीस मिनिटं लागतात. परवा म्हणाली, 'स्टेशनजवळची खोली बरी होती.' मी गप्प बसलो. ती खोली बरी होतीच.